पाणी आलं तेव्हा सालिएरी लिहीत होता

मागच्या रविवारी आमच्याकडं पाण्याचा दिवस होता. सोलापूरकरांना पुढचं सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगतो, आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, त्याची एक वेळ ठरलेली असते पण ती वेळ पाण्याला कुणी कळवलेली नसते. त्यामुळं त्या दिवशी घरातल्या एकानं नळाकडं कान लावून बसायचं असतं. या वेळी ड्युटी माझी, बाहेर ४३ डिग्री ऊन, कुठं जायची सोय नाही, म्हणून म्हणलं चला, सिनेमा लावू.

प्रेक्षक तीन. एक आत्या, वडलांची थोरली बहीण, वय ७१, चाळीसेक वर्षं घरीच गाणं शिकवते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना तिची पोरं बसतात, प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, आणि मग बारावी तरी येते नाहीतर लग्न तरी ठरतं आणि विशारद राहून जातं. दुसरा माझा मित्र, पूर्व भागातला, घरात तेलुगू, दारात मराठी, भांडायला हिंदी. त्यांचे आधी चादरीचे माग होते, आता टॉवेलचे आहेत. सिनेमा हा त्याचा खरा धंदा, माग हा जोडधंदा. आणि तिसरी भाची, कॉलेजात आहे, तिचं काम इंग्रजी सबटायटल वाचून आत्याला मराठीत सांगायचं.

सिनेमा मित्रानं ठरवला, अमेडिअस. १९८४ चा, मिलॉश फोरमनचा, आठ ऑस्करवाला. मोझार्ट हा अठराव्या शतकातला व्हिएन्नाचा संगीतकार, आणि त्याच्यावर जळणारा दरबारी संगीतकार सालिएरी, या दोघांवरचा. मी आधी दोनदा बघितलेला पण आत्याबरोबर बघायची वेळ पहिलीच, आणि खरं सांगायचं तर मला धाकधूकच होती, कारण गवयावरचा सिनेमा म्हणलं की आत्या चष्मा पुसायला घेते आणि मग सिनेमा संपेपर्यंत तिचं तोंड चालू असतं.

तिचं जुनं भांडण आहे हे. २०११ ला बालगंधर्व सिनेमा आला तेव्हा आम्ही सगळं घर थिएटरला गेलेलो, आजूबाजूला सगळ्या तिच्या वयाच्या बायका, काहीजणी तर ठेवणीतली पैठणी नेसून आलेल्या, आणि पद सुरू झालं आनंद भाट्यांच्या आवाजात. संपलं तेव्हा मागच्या रांगेतले एक आजोबा मोठ्यांदा ओरडले, वन्स मोअर! सगळं थिएटर हसलं. पडद्यावर सीन केव्हाच बदललेला, पुढचं दुःख सुरू झालेलं. आत्या हसली नाही. घरी येताना रिक्षात म्हणाली, त्या म्हाताऱ्याला एकट्याला कळलं बघ नाटक काय असायचं ते. एकेका पदाला चार-चार वन्स मोअर, नाटक संपायला पहाट व्हायची, आणि हे म्हणतात बालगंधर्व दाखवला. भाटेंना त्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याचा तिला आनंदच झाला, पेढे वाटले तिनं. पण सिनेमाला काही माफ केलं नाही.

कट्यारचं तर विचारूच नका. ते काही चरित्र नाही, १९६७ च्या नाटकावरचा सिनेमा, पण आत्याच्या वहीत तो पण त्याच यादीत. वर आमच्या सोलापूरचा त्यावर हक्क, कारण मूळ नाटकात वसंतराव देशपांड्यांबरोबर झरीना झालेल्या फैयाज आमच्या सोलापूरच्या. सिनेमा २०१५ च्या दिवाळीत आला आणि पुढच्या महिन्यात आत्याकडं सतरा पोरं आली गाणं शिकायला. सगळ्यांना 'सूर निरागस हो' पाहिजे. आत्यानं सा लावायला बसवलं. उन्हाळ्यापर्यंत तीन राहिली. त्यातली एक आमची भाची, तेव्हा आठ वर्षांची, आणि तिचं म्हणणं असतं की मी तर सिनेमामुळंच गाते ना, मग सिनेमा वाईट कसा? यावर आत्या म्हणते, चौदा गेली त्यांचं काय?

तर असं. सिनेमा सुरू झाला. मोझार्ट ते माकडासारखं हसायला लागला तशी मी आत्याकडं बघितलं. ती म्हणाली, हे बरोबर आहे. मला वाटलं उपरोध आहे. नव्हता. म्हणाली, आमचे गुरुजी रमी खेळताना असेच खिदळायचे, पानं लपवायचे, लबाडी करायचे, आणि संध्याकाळी मारवा लावला की खोलीत कुणाला बोलायची हिंमत नसायची. आपल्या सिनेमात गवई पहिल्या सीनपासून समाधीतच असतो, आरतीचं ताट घेऊनच कॅमेरा फिरतो त्याच्याभोवती. मित्र मला खुणावून, बघ म्हातारी फिरली. म्हातारी फिरली नव्हती, तो फक्त आलाप होता.

अर्ध्यावर वाद झालाच. दरबारातलं काहीतरी चालू होतं आणि दोन मिनिटांत एक आख्खा ऑपेरा, म्हणजे त्यांचं संगीत नाटक, उरकला, आत्या म्हणाली थांबव. म्हणाली मोबाईलचं ते घड्याळ लाव, सेकंदाचं. आणि मांडीवर हात ठेवून तिनं विलंबित, म्हणजे अगदी संथ, एकताल धरला, तोंडानं ठेका, धिं... धिं... धागे... तिरकिट... तू... ना... बारा मात्रा, वरती बडा ख्यालाचा मुखडा, फेरा पुरा करून समेवर, म्हणजे परत पहिल्या मात्रेवर, आली तेव्हा घड्याळात ५० सेकंद. म्हणजे बघा, ती म्हणाली, सिनेमावाला मैफल दाखवतो तीन मिनिटं, त्यात टाळ्या आल्या, राजाचं तोंड आलं, बायकोच्या डोळ्यातलं पाणी आलं, ते सगळं धरून आवर्तनं, म्हणजे असे फेरे, होतात साडेतीन. साडेतीन आवर्तनांत तर नुसता सा लागतो. म्हणून मग हे तानांवर पडतात. तान दाखवता येते, फटाका आहे तो.

मित्र गप्प बसणारा नाही. म्हणाला, आत्या, मग बैजू बावरा? तिथं तर डी. व्ही. पलुस्कर आणि उस्ताद अमीर खाँ गायलेत, त्याला पण फटाका म्हणणार का?

आत्याला कोंडीत पकडणं सोपं नसतं पण हा प्रश्न बरोबर बसला. कारण १९५२ च्या त्या सिनेमातली ती जुगलबंदी, राग देसी, तिला तोंडपाठ आहे. पलुस्कर बैजूसाठी, अमीर खाँ तानसेनसाठी, संगीत नौशादचं. थोडा वेळ थांबून म्हणाली, अमीर खाँसाहेब. झूमरा गायचे, चौदा मात्रांचा, इतका संथ की माणूस मधल्या मात्रेत चहा पिऊन येईल. जगातला सगळ्यात सावकाश गवई, आणि त्याला सिनेमात काही मिनिटांत स्पर्धा हरायला लावली! पण गायलेत काय रे. पलुस्कर तर पुढं तीन वर्षांत गेले, ३४ व्या वर्षी. तेवढं तरी राहिलं म्हणायचं सिनेमामुळं.

मी मध्ये माझं ज्ञान पाजळलं की मुळात ती स्पर्धा होणंच अवघड, बैजूला मानसिंह तोमरांच्या ग्वाल्हेरच्या दरबारातला मानतात आणि मानसिंह गेले १५१६ ला, तानसेन अकबराकडं आला १५६२ च्या आसपास. दोघंही माझ्याकडं असं बघायला लागले की लग्नात जेवताना कुणी कॅलरी सांगितल्यात. भाची म्हणाली, मामा, सिनेमा लावू का?

लावला. आणि मग तो सीन आला.

ज्यांनी बघितलेला नाही त्यांच्यासाठी. मोझार्ट मरायला टेकलाय, रात्र आहे, बिछान्यात पडून तो रेक्विएम सांगतोय, रेक्विएम म्हणजे मेलेल्या माणसासाठी चर्चमध्ये गायचं ते, आणि त्याचा वैरी सालिएरी शेजारी बसून उतरवून घेतोय. आधी खालच्या आवाजातले पुरुष, बास, त्यांची ओळ. तेवढीच ऐकू येते. मग त्यावर टेनर, चढ्या आवाजातले पुरुष. मग त्यांच्याबरोबर कुठलं फुंकवाद्य कुणाच्या मागं जाणार ते. मग ट्रम्पेट आणि नगारे. मग खाली व्हायोलिन, सगळी एका सुरात, एकच ओळ घासत जाणारी. प्रत्येक गोष्ट सुटी सुटी ऐकवतात, मोझार्टच्या डोक्यात वाजते तशी, आणि मग सगळं एकावर एक चढवून एकदम वाजतं आणि आपल्या अंगावर काटा येतो कारण आता आपल्याला माहीत असतं आत काय काय आहे. मधेच सालिएरी म्हणतो थांब, फार भराभर सांगतोयस, मला कळलं नाही. मोझार्ट चिडतो, परत सांगतो.

आत्या पुढं सरकून बसली होती. मित्र हळू आवाजात म्हणाला, जेकार्ड आहे बे हा. म्हणजे चादरीवर मोर उठायचा असेल तर आधी पत्त्यांना भोकं पाडायची, कुठला धागा कधी उचलायचा ते एकेका ओळीचं त्या भोकांत, आणि मोर शेवटी. लोकांना मोर दिसतो. हा पत्ते दाखवलालाय.

आणि नळ फसफसला.

पॉज. टीव्हीवर सालिएरीचं तोंड अर्धं उघडं, हातात ती पिसाची लेखणी, आणि आम्ही सगळे बाहेर. आधी हौद, मग गच्चीवरची टाकी, मग दोन निळी बॅरलं, मग प्यायचं पाणी कळशीत गाळून. मित्राला पाहुणा म्हणून बसवायचा प्रश्नच नाही, तो थेट पाइप घेऊन बॅरलपाशी. आत्या पायरीवर बसून देखरेख.

तिथं मित्रानं दुसरा मुद्दा काढला, २०२३ चा तो बर्नस्टाइनवरचा सिनेमा, म्हणजे अमेरिकेतला मोठा कंडक्टर, ऑर्केस्ट्रा चालवणारा, त्याचं काम ब्रॅडली कूपरनं केलेलं. त्यात कॅथीड्रलमध्ये माहलरची दुसरी सिम्फनी तो स्वतः कंडक्ट करतो, त्या सहा मिनिटांसाठी सहा वर्षं शिकला म्हणे. सहा वर्षं आत्या, सहा मिनिटांसाठी! आत्या म्हणाली, सहा वर्षांत माझी पोरगी विशारद प्रथम होते, तिला कोण ऑस्करला नेतंय? मग जरा वेळानं म्हणाली, पण शिकला ना, चांगलं आहे, नाहीतर आपल्याकडं तंबोरा उलटा धरतात.

मी म्हणलं, मग 'मी वसंतराव'? त्यात तर प्रश्नच नाही, २०२२ चा सिनेमा, राहुल देशपांडेच आजोबा झालेत, स्वतःच गायलेत, त्यांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला गाण्यासाठी. आजोबा गेले १९८३ ला तेव्हा नातू चार वर्षांचा पण नव्हता, म्हणजे रक्तापेक्षा रेकॉर्डिंगमधनंच जास्त ओळख असणार. मला तो सिनेमा आवडतो आणि त्याचं कारण गाणं नाही, कारण ती मिलिटरी अकाउंट्सची नोकरी. एवढा मोठा गवई आणि वर्षानुवर्षं फायली, हिशेब, बदली. ते वाट बघणं सिनेमात जाणवतं. आत्याचा आक्षेप वेगळाच, म्हणे नातू आजोबाचं वाकडं कसं दाखवेल? घरच्यांनी चरित्र केलं की ते श्राद्धासारखं होतं, सगळं गोडच वाढायचं. मित्र म्हणाला, पण तो गळा दुसऱ्या कुणाकडनं आणणार आत्या, भाड्यानं? इथं दोघंही बरोबर आहेत आणि मला अजून यातनं मार्ग सापडलेला नाही. बालगंधर्वांच्या, म्हणजे नारायणरावांच्या, गोष्टीत उतारवयातल्या त्यांच्या जोडीदार, गायिका गोहरबाई येतात, कर्नाटकातल्या बिळगीच्या, इथनं काय लांब नाही ते, त्यांच्याबद्दल दोन घरात दोन गोष्टी ऐकायला मिळतात. एका घरी त्यांनी नारायणरावांना सांभाळलं, दुसऱ्या घरी बुडवलं. त्यांच्या बाजूनं सिनेमा कोण काढणार, असं आत्या नेहमी म्हणते.

बॅरल भरत आलं. मित्रानं विचारलं, बरं तुमच्या मनासारखा सिनेमा कसा पाहिजे सांगा. आत्यानं विचार सुद्धा केला नाही. भीमसेन, म्हणाली. अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकून गदगमधनं पोरगं पळालं, अकरा वर्षांचं. गदगची लाईन कुठं येते? आपल्या होटगीला. बिनतिकिटाचं, डब्यात गाणी म्हणत, ग्वाल्हेर, कुठं कुठं, पार जालंधरपर्यंत, आणि तिथं कळतं की पाहिजे तो गुरू घराशेजारीच होता, कुंदगोळला, सवाई गंधर्व. मित्र म्हणाला, व्वा, हा तर सिनेमाच आहे! आत्या म्हणाली, थांब, हे सगळं पाच मिनिटांत उरकायचं. रेल्वे, पोलीस, सगळं पाच मिनिटांत. पुढं गुरूच्या घरी पाणी भरायचं ते पोरगं. शिकवणं नंतर, आधी पाणी. ते दाखवायचं दहा मिनिटं. नुसतं पाणी, मागनं आतल्या खोलीत दुसऱ्या कुणाची तरी शिकवणी चालू असलेली ऐकू येतेय.

मित्र म्हणाला, दहा मिनिटं पाणी भरलेलं कोण बघंल आत्या? सोलापुरात तर फुकट दिसतंय.

हसलो सगळे. पण मला तो सीन दिसला राव. अजून दिसतोय.

पाऊण तासानं आत आलो, पाय ओले, सालिएरी तसाच तोंड उघडं ठेवून बसलेला. आत्या म्हणाली, मागं घे, ते पहिल्यापासून. घेतला. पूर्ण बघितला. म्हणाली, परत. परत घेतला. तिसऱ्या वेळी तिनं भाचीला सबटायटल सांगू नको म्हणून हात केला. म्हणाली, शिकवणं आहे हे, पहिल्यांदा बघितलं मी सिनेमात शिकवणं. आणि तो बघ, कळलं नाही म्हणून थांबवतोय. माझी पोरं थांबवत नाहीत. मान डोलवतात नुसती.

इथं मी गप्प बसायला हवं होतं.

पण मी सांगितलं की हा सीन आख्खा खोटा आहे. सालिएरी तिथं नव्हताच. मोझार्ट गेला ५ डिसेंबर १७९१ ला, ३५ वर्षांचा, आणि उरलेलं रेक्विएम पूर्ण केलं झ्यूसमायर नावाच्या त्याच्या मदतनिसानं. ते काळा बुरखा घालून येणारं गिऱ्हाईक पण सालिएरीचं कारस्थान नव्हतं, वाल्सेग नावाचा एक सरदार होता, त्याची विशीतली बायको वारलेली, त्यानं निरोप्या पाठवून नाव न सांगता ऑर्डर दिली कारण दुसऱ्यांकडनं लिहून घेतलेलं आपल्या नावावर खपवायची सवय होती त्याला. म्हणजे खरी गोष्ट जास्त भारी आहे. विष घातल्याची अफवा सालिएरीच्या म्हातारपणी उठली, तो आजारी असताना, पुढं १८३० ला पुश्किननं त्यावर छोटं नाटक लिहिलं, मग १९७९ ला पीटर शॅफरनं मोठं, त्याच्यावर हा सिनेमा. सिनेमात तो ब्रह्मचारी, देवाला नवस बोललेला. खरा सालिएरी बायकोपोरांचा माणूस, आठ मुलं. बीथोव्हेन त्याच्याकडं शिकला, शूबर्ट शिकला, आणि मोझार्टचा धाकटा मुलगा सुद्धा शिकला.

आत्याचा चेहरा असा झाला की मी भाजीत मीठ जास्त घातलंय. मोझार्टचं पोर त्याच्याकडं शिकायला होतं? म्हणजे तिला विष-बिष काही नाही, हे लागलं. बाई, म्हणाली, बापाला मारणाऱ्याकडं कुणी पोरगं पाठवंल का गाणं शिकायला?

मित्र बचावाला. आत्या, हा सिनेमा नसता तर सालिएरी हे नाव तुम्हाला मेल्यावर पण कळलं नसतं. त्याची गाणी लोक परत गायला लागले, चेचिलिया बार्तोली म्हणून एक मोठी गायिका आहे, तिनं २००३ ला आख्खा अल्बम काढलाय सालिएरीचा. बदनाम झाला पण जिवंत झाला.

म्हणजे आधी तोंडाला काळं फासायचं आणि मग हार घालायचा, आत्या म्हणाली. पण आवाजात पहिला जोर नव्हता. कारण तिची खरी अडचण मला दिसत होती. जो एकच सीन तिला आयुष्यात पटला, ज्यात पहिल्यांदा कुणीतरी घाई न करता सूर एकावर एक ठेवून दाखवले, तोच नेमका घडलेला नव्हता. आणि जे सिनेमे तारीखवार खरं सांगतात त्यात गाणं साडेतीन आवर्तनांत गुंडाळलेलं.

माझं मत विचाराल तर मला गोष्टीतला खोटेपणा चालतो, घड्याळातला चालत नाही. कोण कुणाच्या बिछान्याशी बसलेलं ते बदला, पण सूर लागायला जेवढा वेळ लागतो तेवढा द्या. हे मी तिथं बोललो पण. मित्रानं टाळी दिली. आत्यानं नाही दिली. म्हणाली, तुझी आठ पोरं असती आणि मेल्यावर तुला कुणी खुनी दाखवलं असतं म्हणजे बोलला असतास. यावर माझ्याकडं उत्तर नाही. मला एकच मुलगा आहे पण तो मुद्दा नाही.

उरलेला सिनेमा तिनं बघितला नाही, शेंगा भाजायला घेतल्या चटणीच्या. मित्र संध्याकाळी गेला. दिवे लागल्यावर स्वयंपाकघरातनं हाक आली, अरे, त्या आठ पोरांच्या बापाचं काहीतरी लाव की, त्या बाईचं.

मोबाईलवर बार्तोली लावली. आत्या उखळापाशी बसलेली, मुसळ थांबवलं, डोळे मिटले. भाषा कळत नाही, राग नाही, ताल तिच्या ओळखीचा नाही. तरी बोट मांडीवर हलत होतं. गाणं संपलं.

फर्स्ट क्लास दिला असता मी, म्हणाली. परीक्षक काय देतात त्याचं सांगता येत नाही.

आणि मुसळ परत सुरू.